पिल्लांसमोर बोलायचं नाही

१

लग्नाआधी मी नवऱ्याला मोजून तीनदा भेटले आणि तिन्ही वेळा तो पक्ष्यांबद्दलच बोलला. मला ते बरं वाटलं. स्वयंपाक येतो का, पुढे शिकायचा विचार आहे का, असलं काहीही न विचारणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्याला माणसांविषयी बोलताच येत नाही, हे लग्नानंतर कळलं.

आमचं घर पाणथळीच्या काठावर आहे आणि घराला लागूनच केंद्र. तिथे क्रौंच पक्ष्यांची पिल्लं वाढवतात. पूर आला की या पक्ष्यांची घरटी वाहून जातात, म्हणून आधीच जाऊन अंडी उचलून आणायची, यंत्रात उबवायची, पिल्लं मोठी करायची आणि उडायला लागली की परत पाणथळीत सोडायची. केंद्र चालवणाऱ्या डॉक्टर बाई आणि माझा नवरा, अशी दोनच माणसं सगळं बघत. लग्नानंतर मी तिसरी झाले.

यातली मेख अशी, की पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर जे हलताना दिसेल त्याला आई समजतं. माणूस दिसला तर ते जन्मभर माणसाच्या मागे धावतं. म्हणून आत जाताना झगा घालायचा. डोक्यापासून घोट्यापर्यंत करडा, ढगळ, चेहऱ्यावर बारीक जाळी. उजव्या बाहीच्या टोकाला क्रौंचाची मान शिवलेली, तिला लाकडी चोच आणि डोळ्यांच्या जागी काळी बटणं. आत हात घालून ती चोच हलवायची, तिनेच पिल्लांना भरवायचं. हे झगे माझ्या सासूबाई घरच्या मशीनवर शिवतात, एकाच मापाचे. त्यात कोणीही शिरलं तरी सारखंच दिसतं, अभ्रा चढवलेल्या लोडासारखं.

आणि पिल्लांसमोर बोलायचं नाही. खोकायचंही नाही. पाळी बदलताना आत येणाऱ्याने मान झुकवायची, आत असलेल्यानेही झुकवायची, आणि निघायचं. कोण आलं हे विचारायची सोय नव्हती. गरजही नव्हती.

नवरा उजाडता उजाडता जायचा आणि दिवेलागणीला यायचा. तो जरा भेटावा म्हणून मीही जायला लागले. म्हणजे आम्ही नवरा-बायको जिथे एकत्र असायचो, तिथे बोलायला बंदी.

सासूबाई म्हणाल्या, "मग तुमचा संसार टिकेल."

२

तो असा नव्हता म्हणे. हसायचा, चेष्टा करायचा, जेवताना ताटलीवर ताल धरायचा. हे मला सासूबाईंनी सांगितलं. मी आल्यापासून त्यांना मी आईच म्हणते, तर आई म्हणाल्या, गेल्या वर्षीपासून तो असा झालाय.

गेल्या वर्षीची पिल्लं छान वाढली होती. सोडली, तर दोनच दिवसांत सगळी चालत रस्त्यावर आली. झग्यांचा काही उपयोग झाला नव्हता, माणसं दिसली की खुशीत पंख पसरायची. संध्याकाळी पाण्यात जाऊन उभं राहायचं असतं हेही त्यांना कळत नव्हतं. क्रौंच पाण्यात उभे राहूनच झोपतात, कुत्रं-कोल्हं आलं तर पाण्याची चाहूल लागते म्हणून. ही कोरड्यात झोपली. सकाळी नवऱ्याने जे उरलं होतं ते गोळा करून पोत्यात भरलं. एकही वाचलं नव्हतं.

"त्या दिवशी तो घरी आला," आई म्हणाल्या, "तो पूर्ण काही आला नाही बघ."

तो पूर्ण घरी यावा, एवढंच मला हवं होतं. फार मोठी मागणी नव्हती. आईंसमोर 'अहो' म्हणायचं आणि दोघंच असलो की 'तू', असं आमचं ठरलं होतं. पण दोघंच असण्याची वेळ इतकी कमी यायची, की 'तू' काही जिभेवर बसला नव्हता.

झग्यात मात्र तो वेगळा असायचा. पिल्लांपुढे चोचीने किडा ठेवताना त्याचा हात इतका हळू उतरायचा, की मला त्या किड्याचा हेवा वाटावा. पाळी बदलताना मान झुकवून झाली, की तो एक जादा गोष्ट करायचा. माझ्या बाहीवर गवताची काडी चिकटलेली असली, तर चोचीने उचलून टाकायचा. नसली तरी उचलल्यासारखं करायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा मी जाळीच्या आत एकटीच हसले. घरी त्याबद्दल तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने बंद केलं असतं.

३

त्या दुपारी मी आत होते. आवार मोठं आहे. एका टोकाला शेड आणि दार, मध्ये मोकळी ओली जमीन, दुसऱ्या टोकाला बोरूच्या उंच गवताचं बेट आणि त्यामागे तळ्याचा एक तुकडा, वरून सगळं जाळीने झाकलेलं. पिल्लं माझ्या गुडघ्याला लागत होती. ऊन होतं. झग्यात माझं भरीत झालं होतं आणि पाळी कधी संपते याची मी वाट पाहत होते.

बोरूतून एक झगा आला.

पाळीवर येणारं माणूस दारातून येतं. हा तळ्याकडून आला. मला वाटलं, मागच्या बाजूला जाळी फाटली असेल, नवरा ती बांधायला आधीच गेला असेल. तो समोर येऊन थांबला. मान झुकवली. मीही झुकवली. मग चोच पुढे आली आणि माझ्या खांद्याशी अडकलेलं एक पातं तिने काढून खाली टाकलं.

पिल्लं त्याच्याकडे गेली. एरवी पाळी बदलली की ती थोडा वेळ दोघांमध्ये घोटाळतात, कोणाच्या मागे जावं ते ठरेपर्यंत. त्या दिवशी एकाही पिल्लाने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मला जरा रागच आला.

मी बाहेर आले. झगे बदलायची एक अरुंद खोली आहे, भिंतीला खुंट्या, एक बाकडं, हात धुवायला बेसिन. बाकड्यावर नवरा बनियनमध्ये बसून चहा पीत होता. डॉक्टर बेसिनपाशी बाटल्या धूत होत्या.

"आलीस?" नवरा म्हणाला. "मी निघतच होतो. पिल्लांना एकटं कशाला सोडलंस?"

"एकटं नाही सोडलं," मी म्हटलं. "पाळी दिली की."

"कोणाला?"

भिंतीवर दोन झगे लोंबत होते. तिसरा माझ्या अंगात होता.

४

अशा वेळी माणूस धावत जाईल. आम्हाला धावता येत नव्हतं. पिल्लांनी उघडं माणूस पाहिलं की सगळं संपलं. नवऱ्याने झगा घातला, जाळी ओढली, एकेक बटण लावलं. एकही सोडलं नाही. मी आणि डॉक्टर शेडच्या फटीतून पाहत राहिलो. तो नेहमीच्या संथ चालीने आत गेला, आवारभर फिरला, बोरूच्या मागे जाऊन आला. पिल्लं त्याच्या मागेमागे. दुसरं कोणी नव्हतं. जाळी कुठेही फाटलेली नव्हती.

पिल्लांच्या चोची डोळ्यांपर्यंत चिखलाने माखल्या होत्या. एवढंच.

"उन्हात होतं असं," डॉक्टर मला म्हणाल्या. बाई रोखठोक, पण मनाने चांगल्या. "मी नवी होते ना, तेव्हा एकदा बोरूच्या पेंढीला पाळी देऊन आले होते. वर तिने उत्तर दिल्यासारखंही वाटलं. वारा होता."

आम्ही कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं. कॅमेरा शेडवर रोखलेला असतो. त्यात मी एका कडेला दिसत होते, चित्राच्या काठाबाहेर कोणाला तरी अदबीने वाकून नमस्कार केल्यासारखी. मग मी निघून जाते आणि पिल्लं त्या काठातून एकामागून एक बाहेर जातात.

"पेंढीच," डॉक्टर म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले. नवरा पडद्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी मी मशीनपाशी जाऊन बसले. "आई, तुम्ही जास्तीचा एखादा झगा शिवला होता का हो कधी?"

"जास्तीचा कशाला शिवू? आत जाणारी तुम्ही तिघं." त्यांनी दोरा दाताने तोडला. "का गं, फाडलास की काय?"

५

पिल्लांच्या चोचींना चिखल का, ते पुढच्या आठवड्यात कळलं. ती जमीन उकरून पाणवनस्पतींचे कंद काढून खात होती. हे आम्ही शिकवलं नव्हतं. लाकडी चोचीने कंद निघत नाही, नवऱ्याने गेल्या वर्षी प्रयत्न करून दोन चोची मोडल्या होत्या. मग ती वर घार आली की अंग चोरून जमिनीला चिकटायला शिकली. आम्हाला घार दिसायच्या आधीच चिकटायची.

आणि मग एका संध्याकाळी ती आपण होऊन तळ्याच्या तुकड्यात शिरली आणि पोटऱ्यांएवढ्या पाण्यात ओळीने उभी राहिली. एकेक पाय वर घेतला. माना पाठीत खुपसल्या. झोपली.

फटीतून पाहताना डॉक्टरांनी माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठला. "कोणी केलं हे? तू?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नवऱ्याने मान हलवून नाही म्हटलं. महिनाभर तो रोज संध्याकाळी त्या पाण्यात उभा राहून त्यांना चोचीने खुणावून बोलवायचा आणि पिल्लं काठावरून मजा बघायची. त्याची पावलं भिजून पांढरीफटक पडली होती.

"मग आपसूक कळलं असेल," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तात असतं." त्यांनी त्यापुढे काही विचारलं नाही. त्यांना विचारायचं नव्हतं हे मला दिसत होतं. या वर्षीही पिल्लं मेली असती तर केंद्र बंद होणार होतं आणि पाणथळीत भराव पडणार होता, हे सगळ्यांना माहीत होतं. घरात चोर शिरावा आणि त्याने भांडी घासून ठेवावीत, तर माणूस पोलिसांत जाईल का?

६

त्या संध्याकाळी नवरा घराच्या पायरीवर बसला आणि मला शेजारी बसायला सांगितलं. असं पहिल्यांदाच झालं होतं.

"तुला दिसलं होतं ना?" त्याने विचारलं.

"दिसलं होतं."

"मलाही दिसतं. रोज."

"तो आहे की ती?"

त्याने विचार केला. "ते," तो म्हणाला. "मी शेडपाशी असलो की ते बोरूपाशी असतं. मी जवळ गेलो की आत सरकतं. पण गं, ते काय करतं बघ तू. मान कशी वळवतं. मी इतकी वर्षं करतोय ना, ते म्हणजे नुसतं नाटक."

"डॉक्टरांना सांगू या."

"नको." त्याने माझा हात धरला. हात गार होता. "त्यांनी बोरू कापायला लावला तर? ते गेलं तर ही पिल्लंपण पोत्यात भरायची का? मला नुसतं बघायचंय, ते कसं करतं. एवढं शिकून घेतो."

मी बरं म्हटलं. आमचं दोघांचं असं ते पहिलंच गुपित होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

त्यानंतर तो सगळ्या पाळ्या स्वतःच घ्यायला लागला. घरी यायचा तेव्हा बोलायचा नाही, पण ते नवीन नव्हतं. नवीन होतं ते हाताचं. उजवा हात कोपरात वाकवून, मनगट पुढे झुकवून, कानाच्या उंचीवर धरलेला असायचा. त्याचं त्याला कळायचं नाही. डाव्या हाताने जेवायचा. मी खोलीत हिंडले की आधी ते मनगट माझ्याकडे वळायचं, मग चेहरा.

"हात दुखतोय का रे?" आईंनी विचारलं.

त्याने हाताकडे पाहिलं, कोणीतरी तिथे ठेवून गेल्यासारखं. मग दुसऱ्या हाताने तो खाली ओढला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

मी स्वतःला समजावलं. दिवसभर एकाच स्थितीत हात धरला की स्नायूंना सवय लागते. शिंप्याची मान, शिपायाची चाल, तसंच हे. सगळं नीट जुळत होतं. फक्त तो हात मांडीखाली हलत राहायचा, पाणी चाचपल्यासारखा.

७

मग एका संध्याकाळी तो आलाच नाही. दिवे लागले. डॉक्टर केव्हाच घरी गेल्या होत्या. आईंनी दोनदा दारात जाऊन पाहिलं आणि मला म्हणाल्या, "जा, घेऊन ये त्याला. आणल्याशिवाय येऊ नकोस."

मी झगा चढवून आत गेले. उजेड अजून होता, राखेसारखा. शेड रिकामी. बोरूच्या कडेने गेले तर तळ्यात पिल्लं उभी होती, आता जवळजवळ माझ्या छातीएवढी झालेली, आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन झगे. दोघंही गुडघाभर पाण्यात. दोघांचेही उजवे हात वर.

बायकोला नवरा पाठमोराही ओळखू यायला हवा. मी खूप पाहिलं. त्याची उभं राहायची ढब कशी आहे, खांदा कोणता उतरता आहे, हे आठवायला लागले आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. मी त्याला उन्हाळ्यापासून ओळखत होते. त्यातला अर्धा वेळ तो या झग्यात होता. 'अहो' म्हणून हाक मारावी, तर अहो कोणीही असू शकतो.

तरी हाक मारता आली असती. मी जाळीच्या आत तोंड उघडलं होतं. पण पिल्लं दोन हातांवर होती. एक शब्द आणि त्यांना कळलं असतं, की ज्याच्या मागे आपण हिंडलो ते माणूस आहे, माणसं आपली आहेत. मग ती त्या आवाजामागे रस्त्यावर गेली असती. आणि तो मला उरलाच असता, तर कसा उरला असता, ते मी आईंकडून ऐकलं होतं.

मी तोंड मिटलं. मान झुकवली.

दोघांनी झुकवली. दोघं एक-एक पाऊल पुढे आले. त्यातल्या एकाच्या चोचीशेजारचं काळं बटण माझ्याकडे वळलं, आणि त्याच्यावरून, चोचीच्या बाजूने मागे, एक पातळ दुधी पडदा सरकला, पक्ष्याच्या डोळ्यावर सरकतो तसा. सरकून परत गेला.

मी नजर वळवली. पिल्लांकडे पाहिलं. क्षणभरच. पण पिल्लं हलली, त्यांच्यामधून झगे हलले, आणि परत पाहिलं तेव्हा कोणता कोणता, ते मला सांगता येईना. पुन्हा डोळ्यांत बघून खात्री करायची हिंमत झाली नाही. हे मी सरळ लिहिते.

एक जण पाण्यातून बाहेर येऊन माझ्या मागे उभा राहिला. मी चालायला लागले. तो मागून आला. दुसरा पाण्यातच राहिला. कोपऱ्यावरून वळताना मला दिसलं, की त्याने मान वर केली आहे, उंच, आणि ती थरथरते आहे.

खोलीत आल्यावर तो खुंटीसमोर थांबला. झगा काढेना.

"काढ ना," मी म्हटलं.

त्याने जाळी वर केली. माझा नवरा होता. केस कपाळाला चिकटलेले, गालावर जाळीचे वण.

"पिल्लं झोपली," तो म्हणाला.

मी त्याच्या झग्याची मान हातात घेऊन डोळा चाचपला. बटण होतं. चार भोकांचं, दोऱ्याने शिवलेलं.

"आणि दुसरं?" मी विचारलं.

"दुसरं काय?" तो म्हणाला आणि हसला. त्याचं हसणं छान होतं. मी आधी पाहिलं नव्हतं.

८

तो झगा चिखलाने भरला होता, म्हणून मी धुवायला घरी आणला. आईंनी वाळलेला झगा घडी घालायला घेतला. घडी घालता घालता थांबल्या. बाहीची कड उलटी केली, खिडकीपाशी नेली, बोटाने चाचपत खांद्यापर्यंत गेल्या.

"ही शिवण माझी नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी घडी घातली आणि झगा कपाटात सगळ्यात खाली ठेवला.

तेवढ्यात तो आत आला. "आई, भूक लागली."

"बसा तुम्ही," आई म्हणाल्या. "वाढते."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्या चेष्टेच्या आवाजात बोलल्या नव्हत्या. पाहुण्याला वाढतात तसं नीट वाढलं, त्याच्याकडे न बघता. तेव्हापासून त्या त्याला तुम्ही म्हणतात. पोटच्या मुलाला. आणखी काही हवं का तुम्हाला. तुमचे कपडे ठेवलेत. त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

बाकी आमचं चांगलं चाललंय. तो बोलतो. माझा दिवस कसा गेला ते विचारतो आणि मी सांगते तेव्हा डोकं एका बाजूला कलवून, अगदी न हलता-डुलता ऐकतो. दोन्ही हातांनी नीट कामं करतो. आवारात मात्र परत गेला नाही. "मोठी झाली आता," म्हणाला. "माझं काय काम तिथे?" मला हवा होता तसा पूर्ण नवरा घरी आलाय. कोणाला तक्रार सांगू आणि काय सांगू?

मी त्या झग्याबद्दल खूप विचार केला आहे. दोघं पाण्यात होते. आतले कपडे भिजतात, झग्यांची अदलाबदल होऊ शकते. कोणीतरी कोणाला झगा दिला असेल. असं म्हटलं की सगळं बसतं. कोणी, एवढंच राहतं.

९

आवारावरची जाळी काढली तेव्हा पक्षी आपसूक पाणथळीत पसरले. माणूस दिसलं की लांब जायचे. संध्याकाळी खोल पाण्यात उभे राहायचे. एकही मेला नाही. केंद्र राहिलं, भराव टळला. लोक लांबून बघायला यायला लागले आणि डॉक्टरांनी मला निरीक्षणाच्या मचाणावर बसवलं. दुर्बीण लावून द्यायची, हे शेकाटे, ही टिबुकली, तो पाणकावळा पंख वाळवतोय, आणि ते तिकडे आपले क्रौंच.

एकदा एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून बसले. "बाई, त्यांच्यात तो करडा कोण उभा आहे? तुमचा माणूस का?"

मी दुर्बिणीतून पाहिलं. कमरेएवढ्या पाण्यात, एक हात वर. झगा खालून फाटत आला होता. पक्षी त्याच्याभोवती होते.

"हो," मी म्हटलं. "आमचाच."

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "ओंडका असेल. पाण्याने वाहून येतात," आणि दुर्बीण शेकाट्यांकडे वळवून दिली. त्या तरी काय करणार होत्या? आमच्यातलं कोणीच हरवलेलं नव्हतं, मग शोधायचं कोणाला?

तो बाहेर का येत नाही, हेही मला कळत होतं. तो जिकडे जाईल तिकडे पक्षी जात होते. काठावर आला असता तर सगळे त्याच्या मागून काठावर आले असते, तिथून रस्त्यावर. म्हणून तो रोज थोडा आणखी आत जायचा. मी रोज पाहायचे आणि रोज हाक मारायची नाही असं ठरवायचे. ठरवायला काहीच त्रास व्हायचा नाही. दात काढल्यावर तिथे जीभ फिरवावी, तसं झालं होतं.

१०

थंडी पडली आणि पक्षी गेले. सकाळी सगळे एकदम उठले, पाणथळीवर एक मोठा वळसा घेतला आणि गेले. डॉक्टर रडल्या. नवरा अंगणात उभा राहून आवाज विरेपर्यंत वर बघत होता.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. आई वाढत होत्या. तळ्याकडची खिडकी उघडी होती.

बाहेरून आवाज आला. बरेच महिने न वापरलेल्या गळ्यातून येतो तसा, खरखरीत, अर्धा तुटलेला.

"अगं."

आईंच्या हातातला चमचा भांड्यावर वाजला. त्या ओट्याकडे वळल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

पुन्हा आला, जरा जवळून. "अगं, ए."

नवऱ्याचा घास थांबला. त्याने डोकं कलवलं आणि एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. प्रेमानेच पाहिलं.

"तुला कोणी हाक मारतंय का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. उठून खिडकी लावली, कडी घातली, आणि त्याच्या पेल्यात पाणी ओतलं.